आज एक की उद्या दोन

साधनाला जेवताना पाहिलं की वाटावं, बाईंची गाडी सुटायला आली आहे. नवरा सुरेंद्र वरणात भात कालवत असतो, तोवर इकडे ताट चाटूनपुसून रिकामं. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी हिला घाई कसली असते हे त्याला कळलेलं नाही. घाई कसलीच नसते. मूल गावच्या एका धानगिरणीत झाडलोट करणाऱ्या बाईची ती चौथी मुलगी, आणि त्या घरात जो सावकाश जेवायचा तो अर्धपोटी उठायचा. आता मूलमध्येच स्वतःचं घर आहे, फ्रिज आहे, दर महिन्याला मास्तरकीचा पगार आहे. पण ही बातमी तिच्या जिभेपर्यंत अजून पोचलेली नाही.

तिच्या कपाटाचीही तीच गत. श्रीखंडाचे रिकामे डबे, शाई संपलेल्या पेनांची टोपणं, साडीच्या खोक्यातले पुठ्ठे. सुरेंद्रनं एकदा दिवाळीच्या साफसफाईत ते सगळं बाहेर काढलं, तर बाईसाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. लागतं कधीतरी, एवढंच तिचं म्हणणं. कधी, ते विचारायचं नाही.

अशी बाई गरिबांच्या पोरांवर माया करील असं कोणालाही वाटेल. छे. गरिबीतून वर आलेल्या माणसाइतका कडक मास्तर शोधून सापडायचा नाही. श्रीमंत घरची बाई निदान 'अरेरे' तरी म्हणते. साधना म्हणायची, आम्ही नाही शिकलो का? कोंड्याच्या पोत्यावर बसून पाढे पाठ केले. गरिबी ही सबब नव्हे. सावली गावाच्या पुढे, तळ्याकाठच्या गावातल्या शाळेत तिची बदली झाली तेव्हा हे वाक्य ती डब्यासोबत रोज घेऊन जायची.

शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक गुणवंतराव, निवृत्तीला टेकलेले, स्वभावानं तळ्यातल्या पाण्यासारखे संथ. मुलं बहुतेक ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरांतली. आईबाप पावसाळ्यात रोवणीला, म्हणजे भातलावणीला, मग धान कापायला, आणि धान घरात आलं की मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाडीत बसून तेलंगणात मिरची तोडायला. तिसरी-चौथीचा वर्ग साधनाकडे आला आणि पहिल्याच आठवड्यात तिनं कपाळावर हात मारला.

खडूचा डबा उघडला की पोरं तुटून पडायची. दोन खडू पाहिजे असले तर चार उचलायची, आणि ते चड्डीच्या नेफ्यात जायचे. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत दहा जण ओरडायचे, आणि दहाही उत्तरं चूक. साडेअकरा वाजले, खिचडीचा वास आला, की गणित संपलं. फळ्यावर भागाकार चालू असायचा आणि वर्गाची नाकं स्वयंपाकघराकडे. विक्की नावाचा एक गडी तर वासावरून आज वाटाणा आहे की मटकी हे बिनचूक सांगायचा, आणि सात गुणिले आठ विचारलं की छताकडे बघायचा. जेवण झालं की निम्मा वर्ग पेंगायला लागायचा. साधना चिडायची, पट्टी टेबलावर आपटायची. पोरं दचकून जागी व्हायची आणि पुन्हा पेंगायची.

दसऱ्याच्या आधी तालुक्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथं एका तज्ज्ञ बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की गरीब घरच्या मुलांना थांबता येत नाही. समोर दिसलं ते लगेच हवं असतं, आणि अभ्यासाचं घोडं तिथंच पेंड खातं. परीक्षा करून पाहायची असेल तर मुलापुढे एक गोळी ठेवा, आणि सांगा, थांबलास तर दोन देईन. साधनाला हे इतकं पटलं की परत येताना तिनं टाफ्यांचं पाकीटच घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकापुढे एक टाफी ठेवली, अट सांगितली आणि ती बाहेर जाऊन खिडकीआड उभी राहिली. तिचा पदर दाराबाहेर जायच्या आत कागदांचा चुरचुर आवाज सुरू झाला. विक्कीनं स्वतःची खाल्ली आणि शेजारच्याची डोळ्यांनी मोजली. चौथीतली रश्मी, वर्गातली सगळ्यात शांत पोरगी, निदान ती तरी थांबेल असं साधनाला वाटलं होतं. रश्मीनं जराही गडबड न करता टाफी सोलली, खाल्ली, कागदाची नीट घडी केली आणि समोर बघत बसली. साधना तणतणत कार्यालयात आली. गंमत म्हणून तिनं गुणवंतरावांच्या टेबलावरही एक टाफी त्याच अटीवर ठेवली होती. तिथं फक्त कागद होता.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"खात्यात तीस वर्षं काढली बाई," गुणवंतराव टाफी गालात फिरवत म्हणाले. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं वय नाई राह्यलं आता."

साधना हसली नाही. या पोरांत धीरच नाही, असं तिनं ठरवून टाकलं, आणि उरलेल्या टाफ्या कपाटात ठेवून दिल्या. लागतील कधीतरी.

थंडी पडली. धान घरात आलं. बुधवारी खिचडीबरोबर उकडलेलं अंडं मिळायचं आणि त्या दिवशी हजेरी पूर्ण असायची. एका बुधवारी साधनाच्या लक्षात आलं, की रश्मी पांढरं तेवढं खाते आणि पिवळा बलक पळसाच्या पानात गुंडाळून फ्रॉकच्या खिशात घालते. पुढच्या बुधवारी तेच. विचारलं तर मान खाली. साधनाच्या डोक्यात नाना शंका आल्या. कोणी मोठी पोरं हिच्याकडून मागून घेतात की काय? शाळा सुटल्यावर तिनं स्कूटर सुरू केली आणि रश्मीच्या मागं तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेली.

पाळीवर रश्मीचा आजा रामाजी फाटकं जाळं विणत बसला होता. पुढं पाण्याच्या काठावर रश्मी उकिडवी बसली होती, हातात बांबूची काडी, दोऱ्याला गरी, म्हणजे गळ, आणि शेजारी पानावर कणकेत मळलेल्या बलकाच्या बारीक गोळ्या. साधनानं तोंड उघडलं, तर रामाजीनं हातानंच तिला थांबवलं. थंडीत गांडूळ मातीत खोल जाते, हाताला लागत नाही, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. अंड्याच्या वासाला मात्र मासोळी येते. साधना पाळीवरच्या दगडावर बसली. एका अंड्याच्या अर्ध्यात घरची संध्याकाळची भाजी काढायचा हा व्यवहार तिला मनातल्या मनात पटला, पण मास्तरीण असल्यामुळे तसं तोंडावर दिसू द्यायची सोय नव्हती.

मग ती दगडावर बसून राहिली. बसणं कसलं? तिनं दोनदा फोन पाहिला, चारदा डास मारले, एकदा उठून साडी झटकली, आणि दर वेळी रामाजीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा मुकाट बसली. रश्मी मात्र हललीही नाही. ऊन पाण्यावरून पलीकडच्या काठावर सरकलं, बगळा येऊन गेला, पोरीची नजर दोऱ्यावरून ढळली नाही. वर्गात पाच मिनिटं न थांबणारी ती हीच का, असा साधनाला प्रश्न पडला. शेवटी दोरा ताणला. रश्मीनं अलगद काडी उचलली आणि तळहाताएवढी मासोळी गवतावर तडफडली.

आता साधनाला राहवेना. ती पोरीशेजारी जाऊन बसली आणि वर्गातली भाषा विसरून तिनं विचारलं, "इथी एवढी थांबतेस, मंग त्या दिवशी टाफी काऊन नाई ठेवली? दोन भेटल्या असत्या ना."

रश्मीनं गरीला दुसरी गोळी लावली. "तळ्यातलं येते मॅडम. उशिरा येते, पण येते. शाळेतलं नाई येत."

"काय नाई आलं शाळेतलं?"

"रेल्वे," रश्मी म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. आज बाजार नाही, असं सांगावं तसं.

साधनाला क्षणभर कळलं नाही, आणि मग असं कळलं की कान गरम झाले. जून संपता संपता, नव्या वर्गाला वळण लावायच्या उत्साहात ती म्हणाली होती, की बारापर्यंतचे पाढे पाठ करा, सगळ्यांना मूलला नेऊन रेल्वे दाखवते. वर्गातल्या एकाही पोरानं रेल्वे पाहिलेली नव्हती. पोळ्यापर्यंत सगळ्यांचे पाढे पाठ झाले होते. विक्कीचेसुद्धा. तिनं शाबास म्हटलं, मग कसली तरी माहिती भरायची आली, मग दुसरी आली, आणि रेल्वे राहून गेली. कोणी पुन्हा विषय काढला नाही तेव्हा तिला वाटलं, पोरं विसरली. पोरं विसरत नसतात. तुमच्या-आमच्या घरातल्या पोरानं डोकं खाल्लं असतं, जेवणावर रुसलं असतं. हट्ट करायलासुद्धा घरात हट्ट पुरवणारं कोणी असावं लागतं. या पोरांनी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात ओळखला, आणि मुकाट्यानं पुढच्या कामाला लागली. सात आठे छप्पन्न म्हणून काही मिळत नाही हे कळल्यावर विक्की पुन्हा छताकडे बघायला लागला होता.

त्या रात्री साधनानं सुरेंद्रला सगळं सांगितलं. लहानपणी आपल्यालाही कोणी काही द्यायचं कबूल केलं की आपण ते कधी धरून चालत नव्हतो, हेही सांगितलं. सुरेंद्र शहाणा, त्या दिवशी तो श्रीखंडाच्या डब्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही.

आता रेल्वे दाखवायचीच, असं तिनं ठरवलं. पण त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट कानावर आली. संक्रांत झाली की गिरजा, म्हणजे रश्मीची आई, मिरचीला जाणार होती, आणि लहान भावाला सांभाळायला रश्मीही. एप्रिलपर्यंत. मध्ये एकदा होळीला काय ते गावी येणं. परत आलेली पोरं वर्गात बसतात खरी, पण सगळं विसरून, आणि पुढच्या वर्षी बसतही नाहीत. हे साधनानं दुसऱ्या शाळांतही पाहिलं होतं. रश्मी गेली तर ती अशी जाईल हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि ते तिला मुळीच सहन होणार नव्हतं. पोरीला आजाजवळ ठेवा, तिच्या अभ्यासाचं आणि जेवणाखाण्याचं मी पाहते, असं सांगायला ती गिरजाच्या दारात गेली.

गिरजानं चहा केला. ऐकून घेतलं. मग तिनं शांतपणे सांगितलं, की मोठ्या पोराच्या वेळी असेच एक साहेब आले होते. पोरांसाठी गावातच राहायची सोय होईल म्हणाले. तिनं पोरगा ठेवला. सोय महिनाभर चालली, मग बंद पडली, आणि पोरगा दिवसभर लोकांच्या दारात बसायचा. ती तिकडे मिरचीच्या वावरात, काही कळायचा मार्ग नाही. तो पोरगा आता शाळेत नाही, हे साधनाला ठाऊकच होतं.

"तुम्ही चांगल्या आहा मॅडम," गिरजा म्हणाली. "पण चांगलं बोलणारे लय पाह्यले आम्ही."

साधनानं एका घोटात चहा संपवला आणि ती निघाली.

सहलीच्या परवानगीसाठी गुणवंतरावांनी कधी नव्हे ती धावपळ केली. सोबत दोन आया पाहिजेत असं ठरलं, तेव्हा साधनानं मुद्दाम गिरजाला विचारलं. दोन काळीपिवळ्या जीपा ठरल्या. शनिवारी सकाळी पोरं तेल लावून, भांग पाडून शाळेपुढं उभी होती, पण चेहऱ्यावर आनंद म्हणाल तर नाही. गाडी सुरू झाली तरी नाही. सावली मागं पडलं तेव्हा विक्कीनं ड्रायव्हरला हळूच विचारलं, की ही गाडी खरंच मूलला चालली का. खरंच म्हटल्यावर जो कालवा झाला, तो मूलच्या फाट्यापर्यंत थांबला नाही.

आणि स्टेशनावर आल्यावर कळलं, पॅसेंजर उशिरा आहे. किती उशिरा? तर माहीत नाही. साधना दर थोड्या वेळानं स्टेशनातल्या माणसाकडे जायची. चौथ्यांदा गेली तेव्हा तो वैतागून म्हणाला, की बाई, मी काय खिशात घेऊन बसलो का रेल्वे? ती परत येऊन बाकड्यावर बसली, उठली, रुळाच्या टोकाकडे पाहून आली. आज ही गाडी आली नाही तर आपल्याला या गावात तोंड दाखवायला जागा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पोरं मात्र फलाटाच्या कडेपासून लांब, सांगितलं तिथं, रांगेनं उकिडवी बसली होती. कोणी ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही, पुऱ्यांचा डबासुद्धा कोणी मागितला नाही. रश्मीची नजर रुळावर होती. साधनाला पाळीवरची संध्याकाळ आठवली आणि ती मुकाट पोरांच्या रांगेत जाऊन बसली.

आधी कोळशाची मालगाडी आली. डबे संपता संपेनात, आणि पोरांनी ते मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकली म्हणून विक्कीनं बाराच्या पाढ्यानं मोजायची युक्ती काढली. साधनानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मग पॅसेंजर आली. थांबली. आतल्या एका बाईनं हात हलवला, आणि सगळी रांग उठून हात हलवायला लागली. गिरजा कडेवरच्या पोराला उचलून दाखवत होती. तिनंही रेल्वे पहिल्यांदाच पाहिली होती. तेलंगणात जाणं नेहमी मुकादमाच्या गाडीनं, अंगावर अंग टाकून.

परत येताना गावाच्या वेशीवर गिरजानं एवढंच विचारलं, "होळीपर्यंत तुमची बदली तं नाई ना होत?"

साधना नाही म्हणाली. पुढं गिरजानं काही विचारलं नाही, आणि हिनंही घोडं पुढं दामटलं नाही. वर्गात मात्र ती आता जपून बोलायला लागली. दुपारी गोष्ट सांगते म्हटलं, की घसा बसला असला तरी गोष्ट सांगायची. खडू नेफ्यात जाणं हळूहळू कमी झालं. गणित तिनं सकाळी पहिल्या तासाला घेतलं आणि साडेअकराला पोरांना खुशाल गाणी म्हणू दिली. खिचडीच्या वासाशी भांडून कोण जिंकलंय?

संक्रांत झाली. मुकादमाची गाडी उद्या पहाटे येणार, असं गावभर झालं. रश्मी जाणार की राहणार, हे कोणी सांगेना आणि साधना कोणाला विचारेना. शाळा सुटली. पोरं गेली. रश्मी मागं राहिली, आणि तिनं दप्तरातून पळसाच्या पानाची पुडी काढून टेबलावर उघडली. आत तळलेली एक मासोळी, हळद-तिखट लावलेली, घमघमाट सुटलेला.

"मॅडम," रश्मी म्हणाली, अगदी मॅडमच्याच थाटात, हाताची घडी घालून. "आत्ता खाल्ली तं एक. थांबल्या तं उद्या दोन."

साधनाचा हात सवयीनं अर्ध्या वाटेवर गेला होता. समोर आलेलं अन्न तिनं जन्मात मागं सारलं नव्हतं. तो हात तिथंच थांबला. उद्या? उद्या पहाटे तर गाडी येणार. पोरीच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तू उद्या आहेस का, असं विचारणं सोपं होतं, पण विचारलं की संपलं. भरवसा नाही, असंच म्हटल्यासारखं झालं असतं. साधनानं पान पुन्हा मिटलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"उद्या दोन आण."

"बरं," रश्मी म्हणाली. "मंग ही मी खातो." आणि दाराच्या पायरीवर बसून तिनं ती खाऊनही टाकली.

सकाळी साधना लवकर निघाली. सावलीच्या पुढं रस्त्यावर मुकादमाची गाडी समोरून आली, टपावर बोचकी आणि स्वयंपाकाचे गंज, आत माणसं कोंबलेली. तिनं मान वळवून वळवून पाहिलं, पण धुळीत एकही चेहरा ओळखू आला नाही. परिपाठाला रश्मी रांगेत नव्हती. वर्गातही नव्हती. साधनानं फळ्यावर तारीख लिहिली, ती चुकली, पुसून पुन्हा लिहिली. गुणवंतराव दारातून डोकावून गेले.

पहिला तास संपत आला तेव्हा दारात रश्मी उभी. डोळे सुजलेले, नाक लाल. आईची गाडी गेल्यावर पाळीवर बसून पोटभर रडून आलेली. हातात पळसाच्या पानाची पुडी.

"आई म्हणे, होळीपर्यंत पाहू," ती म्हणाली. पुडी टेबलावर ठेवली आणि जरा ओशाळून पुढं म्हणाली, "एक लहान आहे मॅडम. आज थंडी लय होती."

साधनानं मान हलवली. दुपारच्या सुटीत तिनं पान उघडलं आणि काटे काढत, एकेक घास चघळत ती खायला लागली. गुणवंतरावांचा डबा संपला, हात धुऊन झाले, पान खाऊन झालं, तरी बाईंची दुसरी मासोळी अर्धी शिल्लकच होती.